तक्तेकाकांचं घरचं गिऱ्हाईक

तक्तेकाकांनी काढलेलं मोठं आतडं पाहिलं नाही असा माणूस आमच्या गावात सापडायचा नाही. खोटं वाटत असेल तर शाळेत गेलेल्या कोणालाही विचारा. फळ्याच्या शेजारी खिळ्याला टांगलेला, वर-खाली लाकडी पट्टी ठोकलेला, गुंडाळून गुंडाळून मधोमध भेगाळलेला तो तक्ता. ‘मानवी पचनसंस्था’. त्याला एक विशिष्ट वास यायचा, शाईचा, रोगणाचा आणि कपाटातल्या झुरळांचा मिळून. मास्तर छडीचं टोक जठरावर टेकवून प्रश्न विचारायचे, आणि उत्तर नाही आलं तर तीच छडी पुढे कुठे टेकायची हे सांगायला नको.

त्या तक्त्यावर एक माणूस पोट उघडं टाकून, तळवे समोर करून, आपल्याला काहीच झालेलं नाही अशा चेहऱ्याने उभा असायचा. तो काकांनी काढलेला. ‘दात घासण्याची योग्य पद्धत’मधला दात घासणारा काकांचा. ‘आपले मदतनीस’मधले पोस्टमन, माळी आणि अग्निशामक दलाचा जवान तेही काकांचेच. आणि जरा निरखून बघितलंत तर सगळ्यांचा चेहरा एकच. तो काकांच्या मेहुण्यांचा.

त्याला कारण होतं. काका तक्ते छापणाऱ्या छापखान्यात चित्रकार होते आणि बरंचसं काम घरी आणून करायचे. त्याच सुमारास मेहुणे, म्हणजे काकूंचे धाकटे भाऊ, नोकरी शोधायला म्हणून त्यांच्याकडे राहायला आले होते, आणि नोकरी अचानक सापडू नये अशा बेताने शोधत होते. घरात रिकामा बसलेला माणूस तेवढाच. हलायचा तर मुळीच नाही. काकांना आणखी काय हवं? पुढे मेहुण्यांना नोकरी लागली, बिऱ्हाड झालं, डोक्यावर टक्कल आलं, पण तोवर काकांच्या हाताला तो चेहरा असा बसला होता की समोर मेहुणे असोत नसोत, पेन्सिल टेकवली की मेहुणे उमटायचे.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं की त्या घरात एका माणसाचं चित्र मात्र कधीच निघालं नाही. काकूंचं. लग्न झाल्या झाल्या काकू म्हणाल्या होत्या, "माझं एक चित्र काढाल का?" काका म्हणाले होते, "काढू की, सवडीने." मग सवड कुठली? मुलगी झाली, तिची शाळा झाली, तिचं लग्न झालं, छापखाना बंद पडला, शाळांतून तक्ते उतरले आणि प्रोजेक्टरचे पडदे लागले. काकू अधूनमधून आठवण करायच्या. नंतर नंतर करेनाशा झाल्या. पण विसरल्या नव्हत्या. असल्या गोष्टी कोणी विसरतं का?

तर काकांना घरी बसून कंटाळा आलेला बघून परगावच्या मुलीने त्यांना एक टॅबलेट पाठवला, आणि फोनवर म्हणाली, "बाबा, लोक हल्ली आपापली पात्रं काढून घेतात. खेळातली, गोष्टीतली, नुसती मनातली. काहीजण स्वतःलाच योद्धा नाहीतर जादूगार करून मागतात. कोणाला कागदावर हवं असतं, कोणाला डिजिटल. तुम्हाला दोन्ही जमेल."

"पण फोनमध्ये सगळ्यांचे फोटो असतात की," काका म्हणाले.

"फोटोत ते आहेत तसेच येतात ना, बाबा. म्हणून तर."

काकांना ते पटलं. फोन ठेवतात न ठेवतात तोच काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या.

"मग पहिली ऑर्डर माझी."

"अगं, घरच्या माणसाला ऑर्डर कशाला लागते?"

"लागते. बिनऑर्डरीचं काय होतं ते बघितलंय मी. कागदावर पाहिजे. रंगात. भिंतीला लावण्यासारखं."

"काढतो की, सव—"

"सवड नको. नंबर द्या."

काकांनी पहिला नंबर दिला. काकू आत गेल्या आणि चक्क गुणगुणायला लागल्या. किती वर्षांनी!

आता आमच्या इमारतीत सल्ला मागावा लागत नाही, जिना चढताना तो अंगावर पडतो. काका चित्रांच्या ऑर्डरी घेणार ही बातमी तळमजल्यावर पोचायच्या आत सल्ले वर आले. इस्त्रीवाला म्हणाला, "काका, केस भरपूर काढा. लोकांना केस लागतात." निवृत्त हिशेबनीस म्हणाले की प्रत्येक चित्राची सही करून झेरॉक्स ठेवा, कशासाठी ते विचारू नका. पहिल्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई, त्या दातांच्या, म्हणाल्या, "माणसं हसरी काढा. दात दिसू देत." सगळ्यांना आपापलं तेवढंच दिसत होतं, पण काकांनी सर्वांचे आभार मानले. कलावंताने नम्र असावं असं त्यांचं मत होतं, आणि आपण कलावंत आहोत असं त्यांना त्या आठवड्यापासून वाटायला लागलं होतं.

मुलीने इंटरनेटवर पान उघडून दिलं. पानवाल्यांनी आधी काका माणूस आहेत का याची खात्री मागितली. बारीक बारीक चित्रांतून पूल ओळखायचे होते. काकांनी एका पुलाला पूल म्हणायचं नाकारलं, कारण त्याची कमान चुकलेली होती. मग चेहरा चौकटीत धरा, मान डावीकडे, मान उजवीकडे, हलू नका. काका हलले. पुन्हा. काका पुन्हा हलले. "न हलता बसणं भलतंच कठीण असतं गं," ते काकूंना म्हणाले. "हो का?" काकू म्हणाल्या.

अखेर काका माणूस ठरले. नमुना म्हणून त्यांनी आपलं सर्वांत गाजलेलं काम पानावर टाकलं, ‘मानवी स्नायुसंस्था’. तासाभरात पान बंद! कारण दिलं होतं, अंगप्रदर्शन. काका संतापले. "अहो, त्या माणसाच्या अंगावर कातडीसुद्धा नाही, तो प्रदर्शन कसलं करणार?" हे त्यांनी तिकडे लिहूनही कळवलं. उत्तर आलं की आपली तक्रार आम्हाला महत्त्वाची वाटते. पुढे काही नाही. ज्या चित्रासमोर मुलांच्या पिढ्या ताठ बसून माना डोलवत शिकल्या, ते चित्र अश्लील! काका दोन वेळा जेवले नाहीत. म्हणजे जेवले, पण बोलले नाहीत.

मुलीने खटपट करून पान पुन्हा सुरू केलं आणि ऑर्डर आली. कोणा कॉलेजातल्या मुलाला आपलं खेळातलं पात्र हवं होतं: अर्धा लांडगा, अर्धा माणूस, पाठीला पंख, हातात धनुष्य. "परक्या गिऱ्हाइकाला थांबवून कसं चालेल?" काका म्हणाले. काकूंचा नंबर दुसरा झाला. मग इमारतीचे सेक्रेटरी आले. राहत्या जागेत व्यवसाय करायचा तर समितीची परवानगी लागते, म्हणाले. समिती कुठे असते असं काकांनी विचारलं तर म्हणाले, "तुमच्यासमोर उभी आहे." समितीला घोड्यावर बसलेलं, चिलखत घातलेलं, मुकुटधारी असं चित्र हवं होतं. काकूंचा नंबर तिसरा झाला. टॅबलेट शिकवायला डॉक्टरीणबाई येत होत्या, त्यांना दवाखान्याच्या दारावर लावायला हसरा दात हवा होता. त्यांना नाही कसं म्हणणार? काकूंनी आता नंबर विचारणं सोडलं. नुसतं भांडं जरा जोरात ठेवायच्या.

टॅबलेटने मात्र काकांना वेड लावलं. दोन बोटं टेकवली की चुकलेली रेघ गायब! उभा जन्म खोडरबराच्या चुऱ्यात गेलेल्या माणसाला याहून मोठं सुख काय? एकदा चहा सांडला तेव्हा काकांनी टेबलावर दोन बोटं टेकवली आणि वाट बघितली. काकूंनी फडकं आणून हातात दिलं.

आणि ते थर! डॉक्टरीणबाईंनी समजावलं की एका थरावर शरीर काढायचं, वरच्या थरावर कपडे, आणि हवा तो थर दाखवायचा किंवा झाकायचा. काकांचे डोळे भरून आले. त्यांची पद्धत पहिल्यापासून तीच होती. आधी हाडं, मग आतडी, मग स्नायू, मग कातडी आणि शेवटी कपडे. आत काही नसलेला माणूस उभा राहीलच कसा, असं त्यांचं म्हणणं. कागदावर बिचारी आतडी पुढे खोडावी लागायची. इथे सगळं जपून ठेवता येत होतं. काकांनी लांडग्याच्या पंखांना सांधे दिले, सेक्रेटरींना संपूर्ण पचनसंस्था दिली, घोड्यालाही दिली. हात सुटलाच होता म्हणून प्रत्येक अवयवाला रेघ ओढून नावं लिहिली. तोही एक थर. झाकला की झालं.

सेक्रेटरी म्हणाले, "मला एकट्याला पाठवू नका. इमारतीच्या ग्रुपवरच टाका, सगळ्यांना बघू दे." काकांनी शेवटचं म्हणून एक बरगडी नीट बसली आहे ना ते तपासायला वरचे थर झाकले. बरगडी बसली होती. समाधानाने त्यांनी चित्र पाठवून दिलं आणि आंघोळीला गेले.

बाहेर आले तर फोन टेबलावर नाचत होता. ग्रुपवर घोडा होता, मुकुट होता, तलवार होती, आणि मध्ये सेक्रेटरी चिलखताविना, कपड्यांविना, कातडीविना. जठर, यकृत, लहान आतडे, मोठे आतडे, सगळं रंगीत, सगळ्यांना नावं. आणि मानेवर चेहरा मेहुण्यांचा.

काकांना वाटलं, आता शिव्या. पण झालं भलतंच. इस्त्रीवाल्याने लिहिलं, ‘अरे हा तर आमच्या वर्गातला माणूस!’ डॉक्टरीणबाईंनी लिहिलं, ‘यालाच बघून मी डॉक्टर व्हायचं ठरवलं होतं, मग दातांवर भागवलं.’ कोणाला मास्तर आठवले, कोणाला छडी, कोणाला शेवटच्या बाकावरून मिटक्या मारत खाल्लेला डबा. हिशेबनिसांनी लिहिलं की आम्ही त्याला मिशा काढायचो, त्याबद्दल क्षमस्व. सकाळभर सगळी इमारत शाळेत जाऊन आली. एकट्या सेक्रेटरींचाच निरोप तेवढा कोरडा होता: ‘सासूबाई विचारत आहेत, यात मी कुठे आहे?’

परवानगी त्याच दिवशी रद्द झाली. लांडगेवाल्याचा निरोप आला की पंख झकास आहेत, पण हा चेहरा कुणाचा? डॉक्टरीणबाईंनी दात बघितला. दातालाही मेहुण्यांचे डोळे, मेहुण्यांचं नाक. "माझे पेशंट आधीच घाबरलेले असतात हो," त्या शक्य तितक्या हळुवारपणे म्हणाल्या.

काका टॅबलेट उशीखाली ठेवून बसून राहिले. त्यांना फार लागलं होतं. सगळे गोड बोलत होते, आठवणी काढत होते, पण त्या आठवणींचा अर्थ एकच होता. "मी चित्रकार नाहीच गं," ते काकूंना म्हणाले. "मला आतडी येतात. चेहरा येतच नाही मला. एकच येतो."

काकू आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा केस विंचरलेले, ठेवणीतले कपडे, खांद्यावर निळी शाल. खिडकीजवळ स्टूल ओढलं आणि बसल्या.

"परके संपले ना सगळे?" त्या म्हणाल्या. "आता माझा नंबर."

एवढ्यात दारावर थाप. मेहुणे! ग्रुपवरचं चित्र फिरत फिरत त्यांच्यापर्यंत पोचलं होतं, आणि त्यांना आनंद मावत नव्हता. "भाऊजी, पुन्हा बाजारात आलो की आपण! परवा बँकेत ती बाई मला म्हणते, तुम्ही दात घासणारे ना?" मग स्टुलावरच्या बहिणीकडे त्यांचं लक्ष गेलं. "ताई, तुझं चित्र? अगं, तुला कामं असतील. तू जा, मी बसतो तुझ्या जागी."

त्यांचा हेतू खरंच चांगला होता. पूर्वीही ते असेच बसले होते. ‘माता आणि बालक’ नावाचा तक्ता निघाला तेव्हा आईच्या जागी मेहुणेच बसले होते, डोक्यावर काळ्या लोकरीचा अंबाडा, खांद्यावर काकूंची हीच निळी शाल आणि कुशीत गुंडाळलेला टॉवेल. दवाखान्या-दवाखान्यांतून लागला तो तक्ता. आणि त्या दिवशी खरी आई, खरं बाळ कडेवर घेऊन, आत स्वयंपाक करत होती.

"तू बस तिकडे खुर्चीवर," काकू म्हणाल्या. "आणि बोलू नकोस."

मेहुणे बसले. बसण्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नव्हता.

काकांनी जुनी फळी काढली, कागद लावला, बशीत रंग कालवला. सवयीने आधी बरगड्या काढायला लागले.

"आतलं राहू द्या," काकू म्हणाल्या. "आतलं सगळ्यांचं सारखंच असतं, हे तुम्हीच शाळाशाळांतून टांगलंय. वरचं काढा."

काकांनी वरचं काढलं. हात भराभर चालला. कपाळ, नाक, हनुवटी. काकू उठून बघायला आल्या आणि थोडा वेळ बघत राहिल्या.

"हा धाकटा आहे," त्या म्हणाल्या.

खुर्चीवरून मेहुण्यांनी मान उंच केली. "शालीत छान दिसतोय मी."

काकांनी नकळत कागदावर दोन बोटं टेकवली. मेहुणे कागदावरून गेले नाहीत. काकूंना हसू आलं, पण डोळ्यांत पाणीही होतं, आणि ते काकांनी बघितलं. "तो बसायचा, म्हणून तुम्ही त्याच्याकडे बघायचात," काकू म्हणाल्या. "मी बसले नाही कधी, हे खरं आहे. पण आता बसलेय. आता तरी बघा."

काकांनी तो कागद बाजूला केला. नवा लावला. पेन्सिल खाली ठेवली, चष्मा पुसला आणि बघायला लागले. काय बघत होते इतकी वर्षं कोण जाणे! नाक मेहुण्यांसारखंच होतं, पण टोकाला जरासं वळलेलं. एक कान दुसऱ्यापेक्षा थोडा खाली. डाव्या गालावर हसताना पडणारी रेघ आता न हसताही तिथेच राहिलेली. काकांनी एक रेघ ओढली, थांबून बघितलं, दुसरी ओढली. फार हळू चाललं होतं. कागदावर मेहुणे डोकावू लागले की काका पुन्हा मान वर करून काकूंकडे बघायचे, आणि मेहुणे मागे सरकायचे.

उजव्या भुवईच्या वर एक पांढुरकी खूण होती, नखाएवढी. काकांना ती ठाऊक होती. म्हणजे आहे एवढं ठाऊक होतं.

"ही लहानपणची ना गं?" रंग भरता भरता त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग?"

"धाकटा आई होऊन बसला होता त्या दिवसाची," काकू मान न हलवता म्हणाल्या. "आतल्या कपाटाचं दार उघडं राहिलं होतं. तुम्हीच रंग काढले होते त्यातून. बाळाला घेऊन वळले ती कोपऱ्यावर आदळले. रक्त आलं चांगलंच."

"आणि मला कळलंच नाही? ओरडली नाहीस तू?"

"ओरडले असते तर धाकटा हलला असता," काकू म्हणाल्या. "मन लावून काढत होतात तुम्ही."

 मेहुण्यांना पहिल्यांदाच कसं बसावं ते कळेना. "ताई, मला कुठे गं माहीत..." ते म्हणाले आणि उठून स्वयंपाकघरात गेले. "मी चहा करतो," आतून आवाज आला, आणि थोड्या वेळाने, "साखर कुठे असते?"

काकू उठायला लागल्या.

काकांनी ती खूण काढली. जेवढी होती तेवढीच, नखाएवढी. सवयीने तिच्यापासून कागदाच्या कडेपर्यंत एक बारीक सरळ रेघ ओढली, नाव लिहायला टोक टेकवलं, आणि हात तिथेच थांबला. उभ्या आयुष्यात कुठल्या अवयवाचं नाव त्यांना अडलं नव्हतं.

"काय लिहू गं इथे?"

"काही नका लिहू," काकू म्हणाल्या. "रेघ राहू दे." आणि पुन्हा उठायला लागल्या. "बघते जरा, धाकट्याला काही सापडायचं नाही."

"बस," काका म्हणाले.  "सापडेल त्याला. मी जातो मदतीला. तू बस. हलू नकोस, रंग ओला आहे अजून."

रंग कागदावर ओला होता, काकूंना तो लागलेला नव्हता. पण काकू हलल्या नाहीत. आतून चहाचं भांडं पडल्याचा आवाज आला, पाठोपाठ काका आणि मेहुणे दोघांच्याही ओरडण्याचा, तरीसुद्धा त्या शाल सावरून, हनुवटी जराशी वर धरून, खिडकीजवळ तशाच बसून राहिल्या.